मानसशास्त्र शिकू का, असं विचारणाऱ्या नाटककार मुलीस

प्रिय मुली,

तुझी एकांकिका आणि सोबतची चिठ्ठी, दोन्ही वाचली. ऑटिझम आणि एडीएचडीचं (लक्ष एका जागी टिकत नाही, त्याचं) निदान सव्विसाव्या वर्षी हाती आलं, आता मानसशास्त्रात एम.ए. करावंसं वाटतंय, पण त्यानं लिहिणं कोरडं तर होणार नाही ना, अशी भीती तू कळवलीस. माझं म्हणणं आधीच सांगते: प्रवेश घे. मीही एडीएचडीसकट, चाळिशीत, नाटकं लिहिता लिहिता हा विषय शिकले. माझ्या संवादांत जो जीव आला, तो तिथूनच.

निदान उशिरा झालं म्हणून मन खाऊ नकोस. २०१३ पर्यंत अमेरिकेची निदानपुस्तिका ही दोन्ही निदानं एकाच माणसाला लावू देत नव्हती. तुझी शाळेची बरीच वर्षं त्याच काळातली.

अभ्यासात डेमियन मिल्टन यांचा २०१२ सालचा लेख मिळवून वाच. ते स्वतः ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ. ऑटिस्टिक आणि इतर माणसांत गैरसमज होतो तो दोन्ही बाजूंनी, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला: एकानं ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच टिकली, जेवढी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र ती जास्त झिजली.

आता तुझा मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या मिरवणुकीचा, प्रसंग बघ. इतवारीतली गर्दी, ढोल, 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्या, आणि नायिका कान झाकून रस्त्यातच खाली बसते. मावशी ओरडते, "काहून बसली व खाली? लोकं पाहून राहिले!" इथे तू सगळा प्रकाश नायिकेवर टाकलास आणि मावशीला नुसती दुष्ट करून सोडलंस. तिला काय वाटत असेल? पोरगी चारचौघांत आपली शोभा करतेय. पोरीला वाटतंय, मावशीला आपली पर्वाच नाही. दोघींचा अंदाज सारखाच चुकतोय, आणि नाटक तिथे आहे. मावशीच्या चुकण्यालाही नायिकेइतकीच जागा दे. नायिकेच्या तोंडचं 'मला सेन्सरी ओव्हरलोड होतो' हे वाक्य काढून टाक. पुढच्याच ओळीत ती मावशीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, असं तू लिहिलंयस. ते पुरे आहे, आणि ते फार सुंदर आहे.

दुसरा माझा आवडता धडा मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचा, १९३२ च्या पुस्तकातला. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची भुतांची एक गोष्ट त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळानं पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. परक्या वाटणाऱ्या जागा गळत गेल्या. कनूची, म्हणजे त्यांच्या अरुंद नावेची, साधी होडी झाली, सीलच्या शिकारीला गेलेले तरुण मासे धरायला गेले. तालमीतही असंच होतं. तुझ्या लिखाणातलं जे जे लोकांना विचित्र वाटेल, ते दिग्दर्शक आणि नट नकळत सरळ करत जातील. म्हणून तालमी सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेव, कुठली जागा बदलली तर चालेल आणि कुठल्या जागेसाठी भांडायचं. नायिकेचं विजेचे खांब मोजणं भांडण्यासारखं आहे.

एका बाबतीत मी कडक आहे. इंटर्नशिपमध्ये समोर बसलेला माणूस जे सांगेल ते तुझ्या नाटकासाठी नाही, नाव-गाव बदलूनही नाही. ऐकायची सवय तिथून घे, ऐकलेलं तिथेच राहू दे.

इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) दूरशिक्षणाचं मानसशास्त्राचं एम.ए. पूर्वी होतं, पण २०२५ पासून दूरशिक्षणानं या विषयाचे नवे प्रवेश बंद झालेत; तेव्हा वर्गातला गोंगाट झेपेल का, हे आधी बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो, एडीएचडीचं नाव नाही. तेव्हा परीक्षेतल्या सवलतींचं विचारायला जाशील तेव्हा ऑटिझमचे कागद पुढे कर, आणि हे प्रवेशाच्या वेळीच विचार, परीक्षेच्या तोंडावर नको.

पोळ्याच्या आत नवा खर्डा पाठव. यावेळी मावशीची बाजू आधी लिहून बघ.

तुझी,
ताई