मंजुरीच्या पत्राची वाट पाहू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन या संवादशास्त्राच्या अभ्यासकांच्या अमेरिकेतल्या संस्थेच्या नोव्हेंबरमधल्या अधिवेशनासाठी तुझा पेपर स्वीकारला गेला, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलं आहेस, "डिपार्टमेंटकडून प्रवासखर्चाचं पक्कं कळलं की नोंदणी करते." ते वाचून लगेच लिहायला बसले. थांबू नकोस. याच आठवड्यात नोंदणी कर.

सवलतीची मुदत टळली की शुल्क वाढतं आणि स्टायपेंडवर राहणाऱ्याला तो फरक जाणवतो. आपल्याकडे वक्त्याला मानधन देऊन बोलावतात. इथे पेपर वाचणाऱ्यालाही शुल्क भरावंच लागतं. सभासद विद्यार्थ्यांना दर कमी असतो, म्हणून आधी सभासदत्वाचं बघ, मग नोंदणी. जाणं रद्द झालं तर पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतात तेही वाचून ठेव, म्हणजे मनातली भीती कमी होईल.

पण पैशांपेक्षा मला काळजी आहे ती खोलीची. अधिवेशनाच्या हॉटेलात संस्था ठरावीक खोल्या सवलतीच्या दरात धरून ठेवते. येणारे हजारो. त्या खोल्या संपल्या की संपल्या.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मीही अशीच मंजुरीच्या पत्राची वाट पाहत बसले होते. पत्र आलं ऑक्टोबरअखेर. तोवर जवळचं सगळं भरलेलं. खोली मिळाली ती पार विमानतळाजवळ. माझं सत्र सकाळी आठचं, आणि बस चुकली. धापा टाकत पोचले तेव्हा लोक खुर्च्या सरकवून उठत होते. सत्रातल्या सगळ्या पेपरांवर शेवटी ज्या बाई बोलणार होत्या, त्यांनी माझ्या पेपरची पानं माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिला होता: 'यातला ऐकणारा कुठे आहे?' बाईंना दुसऱ्या सत्राला जायचं होतं, त्या गेल्या. त्या प्रश्नावर पुढे माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं. पण त्यांच्या मनात नेमकं काय होतं, ते विचारायचं राहून गेलं. अजून रुखरुख वाटते.

ही संस्था १९१४ साली वक्तृत्व शिकवणाऱ्या १७ शिक्षकांनी काढली, इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून वेगळं होऊन. आपल्या विषयावर आपल्या माणसांशी बोलता यावं, ही त्यांची गरज होती. तुझीही तीच आहे. पेपर घरी बसूनही वाचता येतात. सत्र संपल्यावर दारात उभं राहून होणारं बोलणं घरी मिळत नाही. त्यासाठी त्याच इमारतीत, फार तर पलीकडच्या रस्त्यावर मुक्काम हवा. तिघी-चौघी मिळून एक खोली घ्या. मुख्य अधिवेशनाच्या आधीच्या कार्यशाळांत जागा मोजक्या असतात, त्याही आत्ताच बघ.

एक बारीकशी गोष्ट. नोंदणीत नाव विद्यापीठाच्या दफ्तरी आहे तसंच लिही. आपलं वडिलांचं नाव कुठे मधे येतं, कुठे गळतं, आणि मग खर्चाच्या परताव्यासाठी दिलेली पावती अडकून पडते.

परतावा येईपर्यंत हात तंगीत असेल तर मोकळेपणानं सांग, तेवढं मी देईन. माझ्या ओळखीच्या दोघी खोलीसाठी तिसरी शोधत आहेत. नोंदणीची पावती आली की मला पाठव, मी त्यांना तुझं नाव कळवते.

तुझी,
ताई