सत्ताविशीपर्यंत शिकतच राहायचं का?

"केमिस्ट्रीत पुढे पुढे शिकत गेली तर कमवायला कधी लागणार?" माझ्याकडे करिअरच्या सल्ल्याला येणारे बीएस्सीच्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. ऐरोलीहून आलेल्या एका वडिलांनी जरा तावातावानेच विचारलं. ते टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, तिन्ही पाळ्या करणारे. मुलगी ठाण्यात एसवायबीएस्सीला. तिला कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर, संशोधन करायचंय, पाण्यातून हायड्रोजन स्वस्तात काढण्यासाठी. बाबांचं म्हणणं, बीएस्सी झाली की कुठेतरी क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या कामाला लागावं.

मी आधी बाबांनाच त्यांच्या कामाबद्दल विचारलं. हायड्रोजनेशनला, म्हणजे पदार्थात हायड्रोजन जोडायला, रेनी निकेल नावाचा कॅटॅलिस्ट टाकतात, ते पाण्याखालीच ठेवायचं, सुकलं की हवेत पेट घेतं, हे त्यांनी अगदी रंगून सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरच्या इलेक्ट्रोडवरही रेनी निकेल वापरतात. इलेक्ट्रोलायझरच्या पीईएम या दुसऱ्या प्रकाराला प्लॅटिनम आणि इरिडियम लागतं, ते फार महाग. म्हणून तर स्वस्त धातू शोधायचेत." या विषयावर बाप-लेकीचं घरात कधी बोलणंच झालं नव्हतं.

मग पैशाचं बोललो. एमएस्सीची दोन वर्षं बहुतेक घरूनच निघतात. पीएचडीचं तसं नाही. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ या वरच्या टप्प्याला ४२,०००, हे जानेवारी २०२३ पासूनचे दर. ती रक्कम दर महिन्याला वेळेवर येईलच असं नाही, थोडी शिल्लक हाताशी हवी, हेही सांगितलं. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी असतात आणि पीएचडीनंतर पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीचीही काही वर्षं जातात, हे मी कुठल्याच पालकांपासून लपवत नाही.

"आणि हायड्रोजनची हवा ओसरली तर?" बाबांचा प्रश्न रास्त होता. केंद्राने २०२३ मध्ये हरित (अपारंपरिक ऊर्जेवर बनवलेल्या) हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं, म्हणून नोकरी पक्की असं मी म्हणणार नाही. पण कॅटॅलिसिस एकट्या हायड्रोजनवर उभं नाही. खताचा अमोनिया १९१३ पासून लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर बनतोय. रिफायनरी, औषधं, गाड्यांचा धूर, सगळीकडे हेच शास्त्र लागतं.

मला खरी काळजी वेगळी होती. वाचायला आवडणं निराळं आणि तोच प्रयोग महिनाभर फसूनही पुन्हा लावणं निराळं. म्हणून तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायला सांगितलं. निवड झाली. दोन महिने तिने इलेक्ट्रोड घासले, तीच रीडिंग पुन:पुन्हा घेतली, आणि परत आल्यावर तिला संशोधनच करायचं होतं.

घरात आता ठरलंय: एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी, नाहीतर माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था. एमएस्सीनंतर नेटचे दोन प्रयत्न, नाही जमलं तर नोकरी. पीएचडीसाठी पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नाव तिच्या यादीत सगळ्यात वर आहे. थर्मोडायनॅमिक्स मात्र कच्चं आहे, त्याची शिकवणी बाबांनीच लावून दिली.