दोन बहिणी, चार दारं आणि एक वाजणारं भांडं

प्रश्न : आम्ही काही नाटकवेडी मंडळी पदरमोड करून फार्स-चित्रपट करतोय. थोरली बहीण वाड्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी बनवून विकते. धाकटी पुण्याहून ‘एनर्जी हीलिंग’चा कोर्स करून येते आणि त्याच वाड्यात शिबिर भरवते. वाचनाला सगळे हसले, पण तालमीत उत्तरार्ध पडतोय. काय चुकतंय? (एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर)

उत्तर : फार्सचा उत्तरार्ध पडतो तो बहुतेक वेळा गुपितं लवकर संपल्यामुळे. प्रत्येक प्रवेशाच्या डोक्यावर एक ओळ लिहा : कोण, काय, कोणापासून लपवतंय. जिथे ही ओळ सुचत नाही, तिथेच प्रवेश ढिला आहे. एक गुपित फुटलं की ते झाकायला त्याहून मोठी थाप तिथल्या तिथे मारली गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या पळापळीला कारणच उरत नाही.

तुमच्याकडे लपवाछपवी एकट्या धाकटीची दिसते. थोरलीलाही अडकवा. शिबिरातल्या कुणी चटणी जास्त खाल्ली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्याला ते ‘शुद्धीकरण’ वाटलं. थोरलीला गिऱ्हाईक दिसलं, ती गप्प बसली. आता दोघी एकाच खोट्यात आहेत. त्यात अन्न परवाना तपासायला आलेला माणूस साधक समजून गोलात बसवला गेला, तर प्रेक्षकाला सगळं ठाऊक आणि पात्रांना काहीच नाही. हशा इथून येतो.

धाकटीला ढोंगी मात्र करू नका. तिचा ‘युनिव्हर्स’वर मनापासून विश्वास हवा, थोरलीचा उधारीच्या वहीवर असतो तितकाच. थोरलीच्या तोंडी सोलापुरी ‘बे’ आणि धाकटीच्या तोंडी ‘व्हायब्रेशन’ असलं, तरी चिडल्यावर धाकटीही ‘अक्का, गप बस बे’ म्हणाली पाहिजे. बहिणी एकाच घरातल्या आहेत हे त्या एका वाक्यात कळतं.

प्रश्न : चित्रीकरण जुन्या वाड्यात, एप्रिलमध्ये आहे. दारांतून होणारी पात्रांची पळापळ आणि हीलिंगच्या भांड्याचा (दांडीने वाजवायच्या ‘सिंगिंग बोल’चा) नाद, दोन्ही नीट कसं मिळवायचं?

उत्तर : आधी भांडं, कारण सगळ्यात जास्त रडवणारं तेच आहे. त्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो आणि पुढच्या संवादावर चढतो. मग संकलनात दोन टेक जोडायला गेलं की नाद मधेच तुटतो. चित्रीकरणात भांड्यात जाड कापड कोंबा, दांडीला फडकं गुंडाळा आणि वाजवण्याचा फक्त अभिनय करून घ्या. खरा नाद त्याच खोलीत, सगळ्यांना बाहेर काढून, वेगळा रेकॉर्ड करा. उदबत्तीचंही तसंच : प्रत्येक टेकला धूर वेगळा दिसतो, म्हणून ती चौकटीच्या कडेला ठेवा.

दारांसाठी वाड्याचा नकाशा काढा आणि कोण कुठून गेलं, कुठून येणार, हे बाणांनी दाखवा. पळापळ शक्यतो वाइड लेन्सने, एका सलग शॉटमध्ये घ्या. प्रत्येक दाराला वेगळा क्लोज-अप दिला की टायमिंग नटांच्या हातून निसटतं आणि हशा मरतो. बिजागऱ्यांना तेल घाला, उंबऱ्याला पाय अडतो का ते पळून बघा. कडीचा आवाजही वेगळा घ्या.

आसपास यंत्रमाग असेल तर जागा ठरवण्याआधी माग चालू असतानाच तिथे रेकॉर्डिंग करून ऐका. ती खटखट नंतर पुसता येत नाही. कूलर-पंखे टेकपुरते बंद करावेच लागतात, आणि बेचाळीसच्या उन्हात बंद खोलीत मेकअप टिकत नाही. आतले प्रवेश सकाळी ६ ते ११ मध्ये उरका. प्रत्येक खोलीची निव्वळ शांतता किमान ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा, संकलनात संवादांमधल्या मोकळ्या जागा भरायला ती लागते. ट्यूबलाइट चालू असेल आणि सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट करत असाल, तर शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने चित्र लुकलुकत नाही.

प्रश्न : शिबिरात मंत्र वाजवायचा आहे. यूट्यूबवरचा चालेल?

उत्तर : नाही. मंत्र पारंपरिक असला तरी ते रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. गावातल्या गायिकेकडून नव्याने म्हणवून घ्या आणि हक्क लेखी घ्या. चित्रपटगृहात दाखवायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच, खेळ एकच असला तरी. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय थिएटरला आगाऊ पैसे देऊ नका.