बाबांच्या अल्बममधलं जहाज

प्रश्न : बाबा मर्चंट नेव्हीत होते. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये एका ऑइल टँकरचा फोटो सापडला, नाव 'फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, पीव्हीसी'. हे कोण? आणि हवाई दलातल्या माणसाचं नाव तेलाच्या जहाजाला कसं काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जहाजाचं आधी सांगून टाकतो. आपल्या मुंबईच्या शिपिंग कॉर्पोरेशनने 1980 च्या दशकात टँकरांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली, त्यातलंच हे एक. पीव्हीसी म्हणजे परमवीरचक्र, पाइप नव्हे (हसू नका, हा प्रश्न मला खरंच एकाने विचारलाय).

आता सेखों. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचा पोरगा, वडीलही हवाई दलातले. 1971 च्या युद्धात तो 18 नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर श्रीनगरला होता. 1948 नंतर युद्धबंदीच्या अटींमुळे तिथे फायटर विमानं ठेवलीच जात नव्हती, त्यामुळे डोंगर नवे, थंडी नवी, सगळंच नवं. विमान कुठलं तर नॅट नावाचं छोटं फायटर, पंखांचा पसारा जेमतेम 22 फूट, म्हणजे एसटीची बससुद्धा याहून लांब.

14 डिसेंबरला सकाळी पेशावरकडून सहा सेबर, म्हणजे पाकिस्तानी फायटर विमानं, आली. सेखोंचा लीडर घुम्मन पुढे उडाला, मागे हा, आणि तोवर धावपट्टीवर बॉम्ब पडायला लागले होते. मला विचाराल तर सगळी गोष्ट या अर्ध्या मिनिटात आहे. धावपट्टीवरून धावणारं विमान म्हणजे आयतं सावज, वेग नाही, उंची नाही, वळता येत नाही आणि शत्रू डोक्यावर. बंकरमध्ये बसला असता तरी कोणी नावं ठेवली नसती, पण हा धुरळ्यातून उडाला आणि वर येताच बॉम्ब टाकून वळणाऱ्या सेबरच्या मागे लागला. त्या धुरळ्यात आणि धुक्यात घुम्मनला ना तो दिसला ना सेबर, त्यामुळे पुढची लढाई एकट्याचीच, तीही झाडांच्या उंचीवर, गोल गोल.

किती पाडली? इथे मात्र व्हॉट्सॲपवर जाऊ नका. परमवीरचक्राच्या सन्मानपत्रात एकाला गोळ्या लागल्या, दुसरं पेटलं असं आहे, पाकिस्तान म्हणतं आमची सगळी परत आली. माझ्या मते हा हिशोब जुळला काय नि न जुळला काय, परमवीरचक्र आकड्यासाठी दिलेलंच नाही. शेवटी वायरलेसवर त्याने सांगितलं की आपल्याला बहुतेक लागलंय, आणि घुम्मनला म्हणाला, ये, यांना बघ. विमानाची कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, उडताना दिसली म्हणजे त्याने इजेक्ट करायचा, विमानातून बाहेर पडायचा, प्रयत्न केला होता, पण उंचीच उरली नव्हती. अवशेष एका दरीत मिळाले, तो नाही मिळाला. सैन्याने पुष्कळ शोधलं.

ज्याने त्याला पाडलं त्या सलीम बेग मिर्झा या पाकिस्तानी पायलटने पुढे त्याचं कौतुक लिहून ठेवलंय, हे मला सन्मानपत्राइतकंच मोठं वाटतं. हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीरचक्र हे एकच.

बाबांना विचारा बरं, ते स्वतः त्या जहाजावर होते की नुसता फोटो काढला? फोटो स्कॅन करून पाठवा, छापू.