नाव सोनूबाई, पण नळी कुठली?

प्रश्न : मला जुन्या हलक्या रोड सायकलींचं वेड लागलंय, सध्या एक प्यूजो, एक रॅले आणि एक मियाटा अशा तीन नजरेत आहेत, पैसे मात्र एकीपुरतेच, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच नाव घेतो, तर यातला वरचा ब्रँड कुठला ते एकदाचं सांगून टाका.

उत्तर : सांगितलं असतं हो, पण ब्रँडचे असे नंबर लावता येत नाहीत, कारण एकाच नावाखाली रत्नंही निघाली आणि धोंडेही. प्यूजोचंच बघा, पीएक्स-१० म्हणजे रेनॉल्ड्स कंपनीच्या ५३१ या नावाजलेल्या स्टीलच्या नळ्यांची, १० किलोच्या आसपासची रेसिंग सायकल, आणि त्याच काळातली यूओ-८ दिसायला तिची बहीणच, पण नळ्या साध्या स्टीलच्या, क्रँकला (पेडलच्या दांड्याला) कॉटर, म्हणजे ठोकून बसवलेली खीळ, रिमही लोखंडी. रॅलेमध्येही तेच, प्रोफेशनल भारी आणि रेकॉर्ड साधी. श्विन या अमेरिकन कंपनीने तर कमालच केली, हाताने बनवलेली पॅरामाउंटही त्यांचीच आणि १७-१८ किलोची व्हर्सिटीही त्यांचीच!

म्हणून नाव सोडा, नळी बघा. ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील, १९३५ मध्ये आलं. चांगल्या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, कारण जोडाला उष्णता आणि ताण दोन्ही सोसावं लागतं, मध्ये तेवढं गरजेचं नसतं, तिथे वजन वाचवायचं. आता स्टिकर आहे म्हणून खूश होऊ नका, त्यावरचा मजकूर वाचा, काही स्टिकर फक्त तीन मुख्य नळ्यांपुरतेच असतात, म्हणजे पुढचा चिमटा आणि मागच्या बारीक नळ्या साध्याच. आणि रंग नव्याने मारला असेल तर स्टिकर कुणीही कुठलाही चिकटवतो.

फसवायला अवघड ती सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा फ्रेममध्ये शिरणारा दांडा. बाहेर काढून तिच्यावरचा आकडा बघा. सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी असताना पोस्ट २७.२ बसत असेल तर नळी पातळ, म्हणजे माल चांगला. २५.४ वगैरे असेल तर भिंत जाड आणि सायकल स्वस्तातली. फक्त जुन्या फ्रेंच सायकलींवर अन्याय करू नका, त्यांची नळीच २८ मिमीची, तिथे २६.४ च्या आसपासची पोस्टही उत्तमच. (पोस्ट निघतच नसेल तर तेही उत्तरच समजा, गंजून चिकटलेली पोस्ट काढताना भल्याभल्यांचा घाम निघतो.)

मग मागचं चाक जिथे बसतं ते ड्रॉपआउट बघा, ठोकून घडवलेले जाडजूड की पत्र्यातून कापलेले? गिअर लटकवायचा कान त्यातच घडवलेला असेल तर बरं, वेगळा बोल्टने लावला असेल तर सत्तरच्या दशकानंतरच्या सायकलीत ती बहुतेकदा काटकसरच. कॉटरवरून मात्र सरसकट निकाल देऊ नका, पन्नासच्या दशकातल्या चांगल्या चांगल्या सायकलींनाही कॉटरच होत्या.

तुमच्या तिघींत मॉडेल माहीत नसताना माझा कल विचाराल तर मियाटा. नळ्या स्वतःच्या कारखान्यात ओढायचे, जोडकाम साध्या मॉडेलवरसुद्धा नीटनेटकं, आणि नावाला इटालियन वलय नाही म्हणून लोक भावही कमी देतात. पण समोरची प्यूजो खरंच पीएक्स-१० निघाली तर माझं काही ऐकू नका, उचला.

प्रश्न : रंग चकाचक आहे पण सायकल कुठे आपटलेली असेल तर कसं कळणार?

उत्तर : हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागे, वरची आणि खालची नळी जिथे जुळतात तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लाट लागते, लागली की समोरून धडक बसलीय. मग एका ड्रॉपआउटपासून दोरा घ्या, पुढे त्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. फरक एक-दोन मिमीच्या वर गेला तर फ्रेम वाकडी.

प्रश्न : फ्रेंच फ्रेममध्ये इटालियन बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) बसेल का?

उत्तर : नाही. फ्रेंच आटे ३५ मिमीचे, इटालियन ३६ चे. जबरदस्ती केलीत तर फ्रेमचे आटे जातील. त्या प्यूजोवाल्यांनीही हे वाचून ठेवा, सत्तरच्या दशकातली असेल तर फ्रेमचे आटे तपासूनच बॉटम ब्रॅकेट मागवा.