मुदत अहवालापासून नव्हे, नोट हाती पडल्यापासून

एडिसन, न्यू जर्सी येथील एका वाचकाने साडेतीन वर्षांपूर्वी त्याच राज्यातील व्यापाऱ्याकडून 1902 च्या मालिकेतील, लाल शिक्क्याची नॅशनल बँक नोट (संघ सरकारच्या परवान्याने स्थानिक बँकांनी काढलेली जुनी अमेरिकी कागदी नोट) 3,800 डॉलरला घेतली. चार महिन्यांपूर्वी नोटांची तपासणी व प्रतवारी करणाऱ्या संस्थेने नोटेवरील बँकेचे नाव आणि चार्टर नंबर, म्हणजे त्या बँकेच्या परवान्याचा क्रमांक, मागाहून बदलल्याचे अहवालात कळवले. तेव्हापासून व्यापारी फोनवर ‘बघू’ म्हणतो आहे. फसवणूक आत्ता कळली, म्हणजे दावा लावण्याची मुदतही आत्ताच सुरू झाली ना, असे ते विचारतात. वस्तू वेगळी असते, प्रश्न बहुधा हाच असतो.

मुदत आत्ता सुरू झालेली नाही. विक्रीच्या हमीभंगाचा, म्हणजे वस्तू सांगितली तशी नसल्याचा, दावा युनिफॉर्म कमर्शियल कोड या अमेरिकेतील व्यापारविषयक कायद्याच्या कलम 2-725 प्रमाणे चार वर्षांत लावावा लागतो, आणि ही चार वर्षे वस्तू ताब्यात दिल्यापासून मोजली जातात, मग खरेदीदाराला दोष ठाऊक असो वा नसो. म्हणजे तुमच्या हाती जेमतेम सहा महिने आहेत. बिलामागील बारीक अटींत ही मुदत कमी केलेली असेल, आणि ती एक वर्षापर्यंत कमी करता येते, तर तेही नाहीत. ते बिल आजच वाचा. फोनवरील बोलण्याने मुदत थांबत नाही, आणि दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवले नाही, तर कलम 2-607 मुळे हक्कच बुडतो. म्हणून अहवालाची प्रत जोडून लेखी सूचना आजच पाठवा. या मालिकेत चार्टर नंबर मोठ्या छपाईखेरीज किनारीतही बारीक कोरलेला असतो. भिंगातून ते दोन आकडे ताडून पाहायला खरेदीच्या दिवशी पाच मिनिटे पुरली असती, ती पाच मिनिटे साडेतीन वर्षांत कोणीच काढली नाहीत.

फसवणुकीच्या दाव्याला न्यू जर्सीत सहा वर्षे मिळतात, आणि तेथे दोष केव्हा कळला याला महत्त्व येऊ शकते. परंतु बदल व्यापाऱ्याला ठाऊक होता हे सिद्ध करणे अवघड असते, त्यामुळे केवळ त्या भरवशावर मी राहणार नाही. रक्कम 5,000 डॉलरच्या आत असल्याने न्यायालयाच्या स्मॉल क्लेम्स (लहान रकमांच्या दाव्यांच्या) विभागात वकिलाशिवायही दावा लावता येईल. तोवर नोट जशी आहे तशी ठेवा आणि मुख्य म्हणजे पुढे विकू नका, कारण बदललेली नोट जाणूनबुजून अस्सल म्हणून खपवणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो.