आईचं शेवटचं वाक्य आणि सासूबाईंची मिस्सा

प्रिय मावशी,

मी मूळची अहमदनगरची, प्रोटेस्टंट घरातली. लग्न होऊन वसईत आले, सासर कॅथलिक. ऑगस्टमध्ये माझी आई यकृताच्या कॅन्सरने गेली. सासूबाईंनी २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी (कॅथलिक उपासनेसाठी) चर्चमधल्या यादीत तिचं नाव दिलं. दादाला हे कळलं आणि त्याने फोनवर मला झापलं. ‘आई प्रभूजवळ पोचली आहे. तिच्यासाठी पैसे देऊन मिस्सा म्हणजे तिचा अपमान. तू गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस.’ दफनाच्या दिवशीही तो म्हणाला होता की विश्वासणाऱ्यांनी असं रडायचं नसतं. वहिनी अॅडव्हेंटिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या घरातली. ती म्हणते, आई आत्ता झोपली आहे, तिला काही कळत नाही, शेवटच्या दिवशी उठेल. हे ऐकल्यापासून माझा सहा वर्षांचा मुलगा रात्री झोपायला घाबरतो. पप्पा एवढंच विचारतात, ‘भेटेल ना मला ती?’ कोणाचं खरं मानू?

आणखी एक. आई जायच्या चार दिवस आधी मी तिच्यापाशी स्तोत्र वाचत होते. तिने पुस्तक ढकललं आणि म्हणाली, ‘बंद कर. कोणी ऐकत नाही.’ त्यानंतर ती नीट काही बोललीच नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

– एक लेक, वसई

लेकी,

२ तारीख तोंडावर आली आहे, म्हणून आधी तेच. मिस्साला जा. सासूबाईंच्या शेजारी बस, आईचं नाव घेतलं जाईल तेव्हा मनात तुला जी येते ती प्रार्थना कर. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या रांगेत मात्र जाऊ नकोस; ती कॅथलिकांनीच घ्यायची हा त्यांचा नियम तू इतकी वर्षं पाळतेस, त्या दिवशीही पाळ. तुझी आई कॅथलिक नव्हती ही अडचण नाही. कोणाही जिवंत किंवा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करायची फादरांना मुभा आहे. पैशांचं म्हणशील तर ते दान असतं, मिस्साची किंमत नव्हे. ज्याच्या हातात काही नाही त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करावी, असं चर्चचा कायदाच फादरांना सांगतो.

आता दादा. त्याचा सूर मला आवडला नाही, पण त्याचं म्हणणं हवेतलं नाही. १५१७ साली प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते याच दुखण्यावरून. पैसे टाका, दंडमाफीचं पत्र घ्या आणि शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या आपल्या माणसाची सुटका करा, असा उघड बाजार तेव्हा जर्मनीत भरला होता. तो बाजार कॅथलिक चर्चने पुढे स्वतःच बंद केला. तरी त्या भांडणातून निघालेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, आणि माणूस गेल्यावर आपण त्यात भर घालू शकत नाही. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे येशूने शेजारच्या क्रुसावरच्या चोराला दिलेलं वचन दादाच्या बाजूने उभं आहे. शरीर सोडून ख्रिस्ताजवळ जाऊन राहण्याची प्रेषित पौलाची ओढही त्याच बाजूला जाते. अहमदनगरला अमेरिकन मिशनरी १८३१ साली आले ते हीच शिकवण घेऊन, आणि तू नि दादा तिच्यातच वाढलात.

पण सासूबाई काय मानतात हे दादाने त्यांना कधी विचारलं आहे का? त्यांच्या शिकवणीप्रमाणे शुद्धिस्थानात जाणारा माणूस तरलेलाच असतो. त्याचं स्वर्गात जाणं ठरलेलं असतं, देवाला समोरासमोर पाहण्याआधी राहिलेला मळ धुतला जायचा असतो, इतकंच. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १९९९ साली तर स्पष्ट सांगितलं की शुद्धिस्थान म्हणजे एखादी जागा नव्हे, ती अवस्था आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याला आधार म्हणून कॅथलिक लोक मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. यहूदी सेनानी यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो, ती गोष्ट. दादाच्या पवित्र शास्त्रात ते पुस्तकच नाही, सासूबाईंच्या बायबलमध्ये आहे. म्हणून या मुद्द्यावर दोघांनी कितीही वचनं एकमेकांवर फेकली तरी निकाल लागणार नाही. सासूबाईंच्या लेखी विहिणीचं नाव यादीत घालणं म्हणजे तिला आपल्या घरच्या मृतांमध्ये धरणं. नाव घातलं नसतं, तर मला त्यांचा राग आला असता.

वहिनीचं मत तिसरं. मेलेल्यांना काहीच कळत नाही हे उपदेशकाच्या पुस्तकातलं वाक्य, मेलेला मित्र लाजर झोपला आहे असं येशूने म्हणणं, झोपी गेलेल्यांविषयी पौलाने लिहिणं, अशा वचनांवर अॅडव्हेंटिस्टांची शिकवण उभी आहे. आत्मा शरीराबाहेर कुठे राहत नाही, डोळे मिटले की पुढची जाणीव थेट पुनरुत्थानाच्या सकाळची, मधल्या काळाचा पत्ताच नाही. कॅल्विन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाने या मताविरुद्ध पुस्तक लिहिलं. खुद्द ल्यूथर मात्र मरणाबद्दल बोलताना कित्येकदा झोपेचीच भाषा वापरतो. सांगायचं म्हणजे, ज्या मुद्द्यावर दादा सासूबाईंवरून तुझ्याशी बोलणं तोडायला निघाला आहे, त्याच मुद्द्यावर त्याचं त्याच्या बायकोशी पटत नाही, आणि ती दोघं एका ताटात जेवतात. हे त्याला हसत हसत सांग. चिडला तर माझं नाव घे.

कोणाचं खरं मानू, असं विचारतेस. मी निकाल देणार नाही, आणि ते टाळायचं म्हणून नव्हे. तिघांची मतं शेजारी ठेवून पाहिलीस तर तुझी आई धोक्यात आहे असं कोणीच म्हणत नाही. दादाच्या मते ती पोचली, सासूबाईंच्या मते पोचते आहे, वहिनीच्या मते तिला उठवलं जाईल. मतभेद आहे तो मधल्या काळाचा. शेवटाबद्दल मतांगीकारातली, म्हणजे विश्वासाच्या जुन्या कबुलीतली एक ओळ तिघंही मानतात, शरीराच्या पुनरुत्थानाची.

पप्पांना उत्तर त्या ओळीतून दे. आपल्याकडे ख्रिस्ती घरांतसुद्धा लोकांच्या डोक्यात ‘आत्मा वर गेला, संपलं’ असं असतं. नवा करार तिथे थांबत नाही. माणूस म्हणून, देहासकट उठणं हा त्याचा शेवट आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. मग्दालिया मरीयेला तो आधी माळी वाटला, आणि त्याने ‘मरीये’ अशी हाक मारल्याबरोबर तिने ओळखलं. पप्पांना हेच सांग, की ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो तो उठल्यावर ओळखू आला आणि त्याने आपल्या माणसांना नावाने हाक मारली. तेव्हा हो, भेटेल. पुनरुत्थानानंतर कोणी लग्न करत नाही, असं येशूने सदूकींना सांगितलं होतं. ते वचन एखादा हुशार नातेवाईक पप्पांसमोर काढेल, तर त्याला चहा आणायला पाठव. तो प्रश्न एका बाईच्या सात नवऱ्यांचा होता आणि विचारणाऱ्यांचा पुनरुत्थानावर विश्वासच नव्हता. बायकोला भेटायचं आहे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिथे कोणी झिडकारलेलं नाही.

मुलाशी बोलताना झोप हा शब्द काढून टाक. मोठ्यांना त्यात दिलासा वाटत असेल, सहा वर्षांच्या पोराला फक्त एवढं कळतं की आजी झोपली आणि उठली नाही. ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हेही नको. मग ते देवालाच घाबरतं. सरळ सांग: आजीला मोठा आजार झाला, औषधांनी तो बरा झाला नाही, तिचं शरीर बंद पडलं, म्हणजे ती मेली. तिला आता दुखत नाही. तिचं शरीर आपण पुरलं. आजीला येशू सांभाळतो आणि एक दिवस तो तिला पुन्हा उठवणार आहे, असा आपला विश्वास आहे. झोप वेगळी, मरण वेगळं, आणि तू रोज सकाळी उठतोस. तो पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी त्याच शब्दांत सांग. वहिनीलाही विनंती कर की तिचा विश्वास तिने तिच्यापाशी ठेवावा, पण या पोरासमोर शब्द बदलावा. ती बदलेल, असा माझा अंदाज आहे. सिमेटरीत मेणबत्त्या लावायला त्याला घेऊन जा, मुलांना ते आवडतं.

रडण्याबद्दल दादाने शास्त्र अर्धवट वाचलं आहे. थेस्सलनीकेच्या मंडळीला पौल लिहितो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेद करू नका, असं लिहून तो थांबलेला नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू काय करणार होता हे त्याला ठाऊक होतं, थोड्याच वेळात तो मेलेला माणूस बाहेर येणार होता, तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला रडताना पाहून तो रडला. त्याच्यावर अविश्वासाचा आरोप कोणी करू नये. तू रड. सासरी जागा नसेल तर बाथरूममध्ये रड, पण रड.

आता ते वाक्य.

तू ते पत्राच्या शेवटी लिहिलंस, आणि मला वाटतं तू पत्र लिहिलंस तेच मुळी त्याच्यासाठी. आईचा विश्वास शेवटी सुटला असेल तर दादा, सासूबाई, वहिनी या तिघांची उत्तरं तिला लागू होतात का, ही तुझी भीती आहे.

आधी शरीराचं. यकृत निकामी होत आलं की रक्तात अमोनियासारखी द्रव्यं साठतात आणि मेंदूवर धुकं येतं. माणूस चिडचिडा होतो, भलतं बोलतो, आपलीच माणसं ढकलतो. वेदनेसाठी मॉर्फिन चालू असेल तर त्यात आणखी भर पडते. तुझी आई त्या क्षणी किती भानावर होती हे तिच्या डॉक्टरांना जाऊन विचार. असं विचारायला लोक संकोचतात. संकोचू नकोस.

पण समज, ती पूर्ण भानावर होती आणि मनापासून बोलली. तरी काय बिघडलं? तू वाचत होतीस त्याच स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र आहे. रात्रंदिवस हाका मारतो, तू तोंड का लपवतोस, असं विचारत विचारत ते अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ते कोणी पवित्र शास्त्रातून काढून टाकलं नाही. आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही तर क्रुसावरची आरोळी आहे. कोणी ऐकत नाही, असं त्यालाही वाटलं होतं. तुझ्या आईचं वाक्य त्या आरोळीच्या बाहेरचं आहे, असं मला वाटत नाही.

दादाच्या शिकवणीत माणूस कृपेने तरतो. तो शेवटच्या वाक्याने तरत नाही, म्हणून शेवटच्या वाक्याने बुडतही नाही. माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, असं येशू म्हणतो; पकड त्याची आहे, मेंढराची नाही. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय तोडू शकत नाही याची यादी पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात देतो, आणि तिच्यात पहिलंच नाव मरणाचं आहे. सासूबाईंचं चर्चही निराळं सांगत नाही. देवापासून तोडणारं पाप घडायला पूर्ण जाणीव आणि मोकळी संमती लागते, असं त्यांची शिकवण सांगते. वेदनेने पिळवटलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या बाईकडे त्यातलं काय होतं? मृत्युशय्येवर माणूस शांत हसत, स्तोत्र गात जातो अशा साक्षी आपण उपासनांमधून इतक्या ऐकल्या आहेत, की तसं न गेलेल्यांची लेकरं गप्प बसतात. त्या साक्षी खऱ्या असतील, पण तसं जाणं ही विश्वासाची परीक्षा कधीच नव्हती.

हे वाक्य एकटीने बाळगू नकोस. नवऱ्याला सांग. मग तुमच्या पाळकांना सांग, पण त्यांनी उपदेश सुरू केला तर उठून ये. आणि धीर झाला की दादालाही सांग. आईच्या त्या शेवटच्या दिवसांत तो घरात होता की नाही हे तू लिहिलेलं नाहीस. असेल, तर त्यानेही तिच्या तोंडून असं काही ऐकलं असण्याची शक्यता आहे. ‘आई पोचली आहे’ हे इतकं ओरडून सांगणारा माणूस कधी कधी स्वतःलाच सांगत असतो. मिस्सा किती वाजता आहे, तेही त्याला मेसेज करून कळव. यायचं की नाही, ते तो ठरवेल.

– मावशी